घट्टा कुठे पडला ते सांगा

दोन-तीन वर्षं नेमाने एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या पिस्तुलाची नेमबाजी, खेळणाऱ्या मुलीचा उजवा हात बघितला, तर मधल्या बोटाच्या वरच्या अंगाला, मधल्या पेराच्या आसपास, एक टणक पिवळसर ठिपका सापडतो. दुसरा असतो तळहाताच्या खालच्या कडेला, करंगळीच्या बाजूने मनगटाकडे जाताना. बाकीचा तळवा मऊच.

बीड-धारूरकडच्या घरात हाताला घट्टे असणं ही काही बातमी नव्हे. कोयता धरणाऱ्या ऊसतोड मजुराच्या तळहातावर बोटांच्या मुळाशी घट्ट्यांची ओळ असते आणि तिच्याबद्दल कुणी डॉक्टरकडे जात नाही. पण लेकीच्या हाताला असले घट्टे पडू नयेत म्हणून ज्यांनी हंगामामागून हंगाम फडात काढले, त्या आईबापाला तिच्या हातावर खेळाचे घट्टे दिसले की ते बुचकळ्यात पडतात. आणि मग ‘आता लग्नात हात कसा दिसेल’ ही काळजी कुणीतरी आत्या बोलून दाखवतेच. आत्याला काय सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. घट्ट्याचं मात्र नीट सांगता येतं.

तळहाताची कातडी मुळातच वेगळी आहे. पापणीवरची बाह्यत्वचा मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी पातळ असते, तळहाता-तळपायावर तीच दीड मिलिमीटरपर्यंत जाते. तिच्या तळाशी पेशी सतत तयार होत असतात. त्या वर सरकतात, सरकताना केराटिन या चिवट प्रथिनाने भरत जातात, चपट्या होतात, मरतात आणि शेवटी कोंड्यासारख्या गळून पडतात. हा प्रवास साधारण चार आठवड्यांचा. तळहात-तळपायासाठी तर शरीराने केराटिनचा एक खास प्रकारही राखून ठेवला आहे, ‘केराटिन ९’ नावाचा. एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब आणि घर्षण होऊ लागलं, की तळाच्या पेशी ताण ओळखतात आणि जास्त वेगाने वाढतात. वरच्या मेलेल्या पेशी मात्र तितक्या चटकन सुटत नाहीत. थरावर थर साचतो. तो घट्टा. कारण थांबलं की काही आठवड्यांत तो आपोआप उतरतो.

पण मग पिस्तुलाचा घट्टा कोयत्याच्या जागी का पडत नाही?

उत्तर वजनात आहे, आणि ते वजन कुठे लोंबतं यात आहे. दहा मीटर एअर पिस्तुलाला नियमाने दीड किलोची मर्यादा आहे. बहुतेक पिस्तुलं एक किलोच्या आसपास भरतात. ते एका हातात, हात लांब करून धरायचं. मनगटाला आधार द्यायची मुभा नाही. लाकडी ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, हाताच्या आकाराची असली तरी तिने हाताला वेढा घालता कामा नये, म्हणजे हात तिच्यात अडकवून मोकळं होता येत नाही. आता पिस्तुलाचा गुरुत्वमध्य मुठीच्या पुढे असतो, नळी आणि हवेच्या सिलिंडरकडे. त्यामुळे नळीचं तोंड सारखं खाली झुकू पाहतं. ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या, म्हणजे ट्रिगर गार्डच्या, खाली असलेलं मधलं बोट टेकूसारखं काम करतं आणि पिस्तूल त्याच्याभोवती पुढे वळू पाहतं. पुढचा भाग खाली गेला की मागचा भाग वर येणार आणि ग्रिपचं बूड मागे ढकललं जाणार. म्हणून तळहाताच्या खालच्या कडेला टेकलेली फळी, जिला रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, सगळे ‘शेल्फ’ म्हणतात, ती खालून वर दाबते. टेकू मधल्या बोटावर, उलटा दाब करंगळीच्या कडेला. घट्टे नेमके त्याच दोन जागी. शाळेच्या पुस्तकातली तरफ मुलीच्या तळहातावर उमटलेली असते.

यात गोळी सुटण्याच्या धक्क्याचा वाटा किती? एअर पिस्तुलात जवळजवळ नाही. अर्ध्या ग्रॅमचं पेलेट, म्हणजे एअर पिस्तुलाची छोटी गोळी, सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने निघतं. एक किलोचं पिस्तूल त्याच्या उलट सेकंदाला सात-आठ सेंटिमीटर एवढंच मागे येऊ पाहतं. २५ मीटरच्या खेळातली .२२ ची गोळी अडीच ग्रॅमहून थोडी जड आणि वेग दुप्पट. तिथे मागे येण्याचा वेग सेकंदाला ८० सेंटिमीटरच्या घरात जातो. पोलिसांच्या ९ मिलिमीटर पिस्तुलात तो सेकंदाला तीन मीटरच्या आसपास पोचतो. आणि धक्क्याची दिशा झुकण्याच्या नेमकी उलटी: नळी वर उडते, मागचा भाग अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात घुसतो. म्हणून जालना किंवा हिंगोलीच्या राज्य राखीव पोलीस दलातला पिस्तूल स्पर्धांचा सराव करणारा जवान आणि एअर पिस्तूल खेळणारी शाळकरी मुलगी यांचे हात शेजारी ठेवले, तर त्याचा घट्टा बेचक्यात आणि तिचा मधल्या बोटावर असण्याची शक्यता मोठी. ग्रिप खरबरीत असेल तर त्याचा घट्टा आणखी लवकर येतो.

धक्का नसताना एअर पिस्तुलात घट्टे येतात ते वेळेमुळे. सामन्यात ६० शॉट्स, ७५ मिनिटं, त्याआधी तयारीची आणि सरावाच्या शॉट्सची १५ मिनिटं. एकेक उचल दहाएक सेकंदांची, आणि नेम नीट बसला नाही म्हणून मारल्याशिवाय खाली आणलेल्या उचली वेगळ्या. घरी भिंतीकडे तोंड करून केलेलं ड्राय (पेलेट न भरता ट्रिगर दाबणं) आणि होल्डिंग (नुसतं नेम धरून उभं राहणं) धरलं, तर खेळाडूच्या हाताने पेललेला बहुतेक भार हा न मारलेल्या शॉट्सचा असतो. ड्राय करताना ग्रिप कशी धरली आहे याकडे मुलं कमी लक्ष देतात, कारण स्कोअर दिसत नाही. कातडी मात्र तेही मोजते.

मराठवाड्यात याला हवेचा एक पदर आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष होतं असं मला वाटतं. कातडी आणि लाकूड यांच्यातलं घर्षण ओलाव्यावर अवलंबून असतं, पण सरळ रेषेत नाही. कोरडी कातडी घसरते, किंचित ओलसर कातडी चिकटून धरते, आणि घामाने चिंब झाली की पुन्हा घसरते. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठक्क. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज असेल तर पाण्याचा कूलर लावतात, तो आतली हवा दमट करतो. कूलरसमोरच्या लेनमधला हात आणि कोपऱ्यातल्या लेनमधला हात एकाच दिवशी वेगळी पकड देतात. त्यात वीज गेली की सगळंच बदलतं. शिवाय उन्हाळ्यात रक्तवाहिन्या पसरून बोटं थोडी फुगतात, म्हणजे जानेवारीत बेतून घेतलेली ग्रिप मेमध्ये आवळते.

तळहाताचा घाम तर वेगळीच गंमत आहे. काखेत, पाठीवर घाम येतो तो मुख्यतः उष्णतेने. तळहाताला येतो तो मुख्यतः मनाच्या ताणाने. सरावात कोरडा असणारा हात पहिल्या राज्य स्पर्धेत ओलसर होतो, घर्षण वाढतं, कातडी ग्रिपला चिकटते आणि आतले थर मात्र हलत राहतात. फोड येतो तो याच ओढाताणीने. बाह्यत्वचेच्या मधल्या थरातल्या पेशी फाटतात, त्या फटीत पाणी भरतं. घट्टा हळूहळू तयार होतो, फोड एका सत्रात येतो. फोड आला तर वरची कातडी सोलू नये. तीच उत्तम पट्टी आहे. खाली नवी कातडी एक-दोन दिवसांत जोमाने तयार व्हायला लागते, आणि तेवढे दिवस पिस्तूल पेटीत राहिलं तर काही बिघडत नाही. बिघडतं असं मानणारे काही कोच आहेत, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. हात झाकून बसावं.

घट्टा वाढला की बोटाची जाण जाते का, ही खेळाडूंची खरी भीती. एका हाताच्या तळव्याच्या बाजूला स्पर्श टिपणारी सुमारे १७,००० संवेदक टोकं आहेत, हे रोलंड योहान्सन आणि ओके वाल्बो या स्वीडिश शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं. सगळ्यात दाट ती बोटांच्या टोकांशी. एअर पिस्तुलाचा ट्रिगर सुटायला किमान ५०० ग्रॅमचा दाब लागला पाहिजे, असा नियम आहे, आणि तो हळूहळू वाढणारा दाब तर्जनीच्या टोकाच्या पेराला कळावा लागतो. उलट बाजूने, केनियातल्या अनवाणी चालणाऱ्या लोकांच्या तळपायांचा अभ्यास २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यांचे घट्टे जाड होते, पण तळपायाची जाण कमी झालेली नव्हती. टणक घट्टा दाब खालच्या संवेदकांपर्यंत पोचवत होता. तो अभ्यास पायाचा आहे आणि चालताना लागणारी जाण ट्रिगरपेक्षा ढोबळ. तरी मधल्या बोटाच्या कडेचा माफक घट्टा ही भिण्याची गोष्ट नाही, असं मी म्हणेन. तर्जनीच्या टोकावर घट्टा आला तर मात्र ट्रिगर चुकीच्या जागी धरला जातोय किंवा त्याची कड बोचतेय, हे तपासायला हवं. तिथे एवढ्या कमी दाबाला घट्टा यायचं कारणच नाही.

माफक म्हणजे किती? एक हिशेब करू. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं आणि पेलेट ४.५ मिलिमीटरचं. पेलेटची कड वर्तुळाला लागली तरी दहा मिळतात, म्हणजे मध्यापासून आठ मिलिमीटरपर्यंत सूट. नेम धरायच्या खुणांपैकी पुढची आणि मागची साइट यांच्यात अंतर साधारण ३३ सेंटिमीटर. या प्रमाणात पुढची साइट मागचीच्या तुलनेत पाव मिलिमीटरने सरकली की दहा गेले. घट्टा एक मिलिमीटरने उंच झाला तर तो ग्रिपमध्ये चपलेत अडकलेल्या खड्यासारखा वागतो: हात दरवेळी त्याच्या थोडा अलीकडे किंवा पलीकडे बसतो, आणि मनगट ते भरून काढण्यासाठी आवळतं. मूठ आवळली की हाताचा थरकाप वाढतो. दुखणं सोसता येतं, हे नाही.

म्हणून घट्टा कुठे आहे हे बघणं, तो घासण्याआधीचं काम. मधल्या बोटावर आणि शेल्फच्या कडेला सारखा, पसरट घट्टा असेल तर भार जिथे जायला हवा तिथे जातोय. छोटा, उंच, दुखरा असेल तर तिथे ग्रिपची कड रुततेय. अंगठ्याच्या बाजूला असेल तर अंगठ्याने पिस्तूल ढकललं जातंय. विकत मिळणाऱ्या ग्रिप स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत येतात आणि आपल्याकडची बारा-तेरा वर्षांची पोरं स्मॉलमध्येही पोहतात. शिवाय त्या वयात हात वाढतोय. वर्षापूर्वी बरोबर बसलेली ग्रिप आज चुकीच्या जागी दाबते. अक्रोडाच्या गडद लाकडावर दाबाची जागा शोधायची तर हाताला टाल्कम पावडर लावून नेहमीसारखी मूठ धरावी आणि सोडावी. पांढरा ठसा कुठे दाट आणि कुठे कोराच आहे ते दिसतं. उंचवटा बारीक कानशीने उतरवायचा, खळगा वुड पुटीने किंवा एम-सीलने भरायचा, पॉलिश पेपर मारायचा. हे काम चांगला सुतार करू शकतो, फक्त त्याला ‘गुळगुळीत करून दे’ असं सांगू नये, नाहीतर तो खरोखर करून देतो.

आणि मग थांबायचं. कातडीचा एक फेरा चार आठवड्यांचा, त्यामुळे सोमवारी कानस मारून शुक्रवारी घट्टा गेला का हे बघण्यात अर्थ नाही. दर आठवड्याला ग्रिप बदलणारी मुलं कातडीला एकही उत्तर पूर्ण देऊ देत नाहीत.

घट्ट्याची निगा साधी आहे. कोमट पाण्यात हात दहा मिनिटं भिजवून वजरीने किंवा बारीक कानशीने वरचा थर उतरवायचा, सगळा नाही. रात्री युरिया असलेली क्रीम. ती केराटिनमध्ये पाणी धरून ठेवते. खोबरेल किंवा कोकमाचं तेल भेगांना बरं, पण रात्रीच; सकाळी तेलकट हाताने ग्रिप धरली तर ती सुटते आणि लाकूड तेल पितं ते वेगळंच. स्पर्धेच्या आदल्या दिवशी काहीच घासायचं नाही. ब्लेडने कापू नये. पायाच्या कुरुपासाठी मिळणाऱ्या पट्ट्यांत तीव्र सॅलिसिलिक ॲसिड असतं, ती हाताला लावू नये. मधुमेह असलेल्या खेळाडूने तर अजिबात नाही. वर वर घट्टा वाटणारी गाठ कधी चामखीळ असते. घट्ट्यावरून हाताच्या बारीक रेषा सलग जातात, चामखिळीवर त्या तुटतात आणि काळे ठिपके दिसतात. ती संसर्गाने पसरते, तिच्यावर वजरी फिरवली तर आणखी.

कातडीपेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे बधिरपणा. तळहाताच्या करंगळीकडच्या बुडाशी अल्नर नस वरवरच जाते. सायकलपटूंच्या हँडलवर टेकलेल्या हातात ती दबून करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. शेल्फ फार वर चढवून घट्ट केला तर दाब त्याच परिसरात पडतो. सराव संपल्यावरही मुंग्या राहत असतील, रात्री बोटं बधिर होऊन जाग येत असेल, तर ते घट्ट्याचं दुखणं नाही. शेल्फ खाली घ्यावा आणि डॉक्टरांना दाखवावं.

पेलेट शिशाचं असतं आणि खेळाडू प्रत्येक पेलेट बोटांनी उचलून भरतो. धड कातडीतून शिसं फारसं आत जात नाही, पण बोटांवरचं तोंडावाटे पोटात जातं, आणि घट्ट्याच्या खरबरीत भेगांत ते जास्त साचतं. रेंजवर डबा उघडून भाकरी मोडण्याआधी हात साबणाने धुवायचे, नखांखाली आणि घट्ट्यांवरून बोटं फिरवत. नुसतं पाणी मारून पँटला पुसलेले हात धुतलेले नसतात.