माजी सैनिकाला पतसंस्थेचा अध्यक्ष व्हायचे असेल तर: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची वाट

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रातल्या सहकारी पतसंस्थेच्या संचालक मंडळात माजी सैनिकांसाठी एकही राखीव जागा नाही. महिलांसाठी दोन जागा असतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि विमुक्त-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांना प्रत्येकी एक. सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेला माणूस आणि चौकातला किराणा दुकानदार यांचे अर्ज एकाच टेबलावर येतात आणि मत दोघांनाही एकच. नोकरभरतीतल्या सवलतींची सवय झालेल्यांना हे जरा टोचते, पण सहकाराचा पायाच तो आहे.

छोट्या व्यावसायिकांना कर्ज देणारी संस्था चालवायची तर पर्याय तसे चार. बिगर बँकिंग वित्त कंपनी काढायची तर रिझर्व्ह बँकेला नव्या कंपनीकडून किमान १० कोटी रुपयांचा स्वनिधी (स्वतःचे भांडवल) लागतो, म्हणजे तो विषय संपला. निधी कंपनीला, म्हणजे सभासदांच्याच ठेवींतून सभासदांना कर्ज देणाऱ्या कंपनीला, विनातारण कर्ज देता येत नाही, त्यामुळे भाजीवाला किंवा टेलर तिच्या दारात उभा राहू शकत नाही. २०१४ च्या सावकारी कायद्याखालचा परवाना मिळतो, पण गावात त्या पाटीला काय मान असतो ते सांगायला नको. उरली पतसंस्था. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली ती नोंदली जाते आणि पेन्शनीवर जगणारा माणूस तिच्या अध्यक्षपदापर्यंत जाऊ शकतो. एक तर चालू संस्थेत सभासद होऊन निवडून यायचे, नाही तर नवी संस्था नोंदवायची.

चालू संस्थेतून वर येणे

इथे बहुतेकांचे गणित एका कलमाने चुकते. कलम २७ प्रमाणे वैयक्तिक सभासदाला सभासद झाल्यापासून दोन वर्षे मतदानाचा हक्क नसतो. यातून सूट आहे ती गृहनिर्माण संस्थांना, पतसंस्थांना नाही. संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची. निवडणुकीला वर्ष राहिले असताना सभासद झालात तर मतदार यादीत नाव लागत नाही, आणि यादीत नाव नसेल तर उमेदवारीही नाही. म्हणजे पुढची संधी सरळ सहा वर्षांनी. त्यामुळे निवडणूक लढवायची की नाही हे ठरले नसले तरी घरी आल्याच्या पहिल्या महिन्यातच सभासदत्वाचा अर्ज देऊन ठेवा.

अर्ज देताना फॉर्मवर कोणत्या प्रकारचे सभासदत्व लिहिले आहे ते नीट वाचा. ठेव ठेवायला किंवा छोटे कर्ज घ्यायला गेलेल्या माणसाला कॅशियर पटकन ‘नाममात्र सभासद’ करून मोकळा होतो. नाममात्र सभासदाला मत नाही आणि संचालकही होता येत नाही. वर्षानुवर्षे पासबुक सांभाळून ऐन निवडणुकीत हे कळलेले लोक प्रत्येक तालुक्यात सापडतील. भागाची पूर्ण रक्कम भरा, पावती घ्या, भाग दाखला मागून घ्या आणि सभासद रजिस्टरला नोंद झाली का ते विचारा. भाग जास्त घेऊन वजन वाढत नाही. कोणालाही एकूण भागभांडवलाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त भाग धरता येत नाहीत, आणि धरले तरी मत एकच.

अर्जासोबत आधार, पॅन, कार्यक्षेत्रातला रहिवासी पुरावा आणि फोटो लागतात. अर्ज फेटाळला तर संस्थेने कारण कळवायला हवे आणि त्यावर दोन महिन्यांच्या आत निबंधकाकडे (सहकार खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे) अपील करता येते. तीन महिने संस्था गप्पच बसली तर कायद्याने तुम्ही सभासद झालात असे धरले जाते. त्यासाठी अर्जाच्या पोचवर तारखेचा शिक्का हवा, तोंडी ‘ठेवून जा’ चालणार नाही.

डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे ओळखपत्र एरवी इथे कोणी मागत नाही. संस्थेच्या उपविधीतच, म्हणजे तिच्या स्वतःच्या मंजूर नियमांतच, सभासदत्व माजी सैनिकांपुरते असेल तर मात्र हे तिन्ही लागतात, आणि तेव्हा नावाचा घोळ बाहेर येतो. लष्करी रेकॉर्डला आडनाव आधी, आधारवर शेवटी. रेकॉर्डला वडिलांचे नाव ‘बापू’, शाळेच्या दाखल्यावर ‘बापूसाहेब’. भरतीच्या वेळी क्लार्कने जे ऐकले ते लिहिले आणि नोकरीभर कोणाचे अडले नाही. दुरुस्ती करायची तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत आपल्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. निवडणूक जाहीर झाल्यावर हे काम हातात घेऊ नका.

उमेदवारी आणि अपात्रता

निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली होते. आधी कच्ची मतदार यादी लागते. ती लागल्याबरोबर जाऊन आपले नाव, पत्ता आणि सभासद क्रमांक पाहा, कारण हरकतीची मुदत थोडी असते. उमेदवारी अर्जावर सूचक आणि अनुमोदक दोघेही मतदारच हवेत. सोबत अनामत रक्कम, थकबाकी नसल्याचा दाखला, स्वयंघोषणापत्र आणि राखीव जागेसाठी जातीची कागदपत्रे. छाननीत अर्ज बाद झाला तर कलम १५२-अ खाली तीन दिवसांत अपील करावे लागते. आधी सह्या गोळा करू, मग पाहू, एवढी सवड त्यात नाही.

अर्ज बहुतेक वेळा उडतात ते कलम ७३ कअ वर. या संस्थेचे किंवा दुसऱ्या कुठल्या सहकारी संस्थेचे कर्ज थकले असेल तर अपात्र. मित्राला जामीन राहिला असाल तर त्याच्या हप्त्यांची स्थिती आधीच काढून घ्या, फौजी माणूस सही नाकारत नाही आणि तीच सही नंतर पुढे येते. दोनपेक्षा जास्त अपत्यांची अट इथेही आहे, २००१ च्या दुरुस्तीपासून. संस्था करते तोच धंदा स्वतः किंवा घरातल्या माणसाच्या नावाने करत असाल, म्हणजे घरात सावकारीचा परवाना असेल, तरीही दार बंद. निवृत्तीनंतर पुन्हा सरकारी नोकरीला लागला असाल तर उमेदवारी भरण्याआधी खात्याची परवानगी लेखी घ्या.

अध्यक्षाची निवड सभासद करत नाहीत, निवडून आलेले संचालक आपल्यातून करतात. संचालक जास्तीत जास्त २१ असू शकतात. कुठल्या गटाचे किती जण आहेत यावर सगळे ठरते. त्यावर अर्ज नाही आणि नमुनाही नाही.

पदवी नसली तरी अध्यक्ष होता येते. ताळेबंद वाचता येत नसेल तर मात्र होऊ नये, असे माझे मत. पदवीधरांनी सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि लेखा पदविका) परीक्षा द्यावी. पुण्यात वैकुंठ मेहता संस्था आणि राज्य सहकारी संघ यांचे अभ्यासक्रम आहेत. अजून वर्दीत असलेल्यांनी पुनर्वसन महासंचालनालयाच्या कोर्सची यादी निवृत्तीआधीच मागवून घ्यावी. ज्यांनी क्वार्टरमास्टरच्या हाताखाली लेजर सांभाळले आहे त्यांना जमाखर्च जड जाणार नाही.

नवी संस्था नोंदवायची असेल तर

कायद्याचा किमान आकडा वेगवेगळ्या कुटुंबांतल्या दहा व्यक्तींचा. प्रत्यक्षात पतसंस्थेला सभासद आणि भागभांडवल याहून बरेच जास्त लागते. गाव, तालुका, जिल्हा अशा कार्यक्षेत्राप्रमाणे खात्याचे निकष ठरलेले असतात, ते तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयातून लेखी घेऊनच पुढची पावले टाका. प्रवर्तकांची सभा घेऊन मुख्य प्रवर्तक निवडायचा, नाव आरक्षित करायचे, बँकेत खाते उघडून भागाची रक्कम जमा करायची. मग नमुना ‘अ’ मधला अर्ज, उपविधीच्या चार प्रती, सभासदांची यादी, बँकेचा शिल्लक दाखला, शुल्काचे चलन आणि संस्था कशी चालेल याची योजना. निर्णयासाठी निबंधकाला दोन महिन्यांची मुदत आहे. नावात ‘बँक’ शब्द घालता येत नाही. ठेवी फक्त सभासदांकडून घेता येतात आणि त्यांना बँकेसारखे ठेव विम्याचे संरक्षण नसते. गावच्या ठेवीदाराला हे तोंडावर सांगायची तयारी ठेवा.

सगळे सभासद माजी सैनिकच असलेली संस्था काढायची कल्पना सातारा-सांगलीकडे वारंवार निघते. दर महिन्याला पेन्शन येते, मग कर्ज बुडेल कसे, असा हिशोब असतो. पण १८७१ च्या पेन्शन कायद्याने पेन्शनवर जप्ती आणता येत नाही. नोकरदाराच्या पगारातून मालकामार्फत हप्ता कापून घेण्याची सोय पतसंस्थेला आहे, पेन्शनीच्या बाबतीत ती धरून चालू नका. कर्ज पेन्शनीवर नव्हे, धंद्यावर आणि तारणावर द्यावे लागते.

म्हणून अध्यक्षाने पहिले वर्ष कर्जाच्या फायलीत घालवावे. टेम्पोच्या कर्जाची एक फाइल उघडून बघा. कोटेशन आहे, दोन जामीनदारांच्या सह्या आहेत, वचनचिठ्ठी आहे, विम्याची प्रत आहे. पण गाडीच्या आरसीवर संस्थेच्या बोजाची नोंद आहे का? ती आरटीओत करून घ्यायची राहिली असेल तर उद्या टेम्पो दुसऱ्याच्या नावावर जाईल आणि निबंधकाने दिलेला कलम १०१ चा वसुली दाखला हातात घेऊन तुम्ही जामीनदारांच्या मागे फिराल. दुकानदाराच्या फायलीत उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) आणि बँक स्टेटमेंट पाहा, आणि एकदा संध्याकाळी सहा वाजता दुकानासमोर उभे राहा.

जबाबदारी मंडळावर सामूहिक असते आणि प्रत्येकावर वैयक्तिकही. कलम ८३ ची चौकशी आणि कलम ८८ ची नुकसान वसुली राजीनामा दिल्यानंतरही मागे येऊ शकते, आणि ती रक्कम स्वतःच्या खिशातून भरावी लागते. फौजेत वरिष्ठांचा आदेश पाळला की बाजू सुरक्षित असते, इथे तसे नाही. एखाद्या कर्जाला तुमचा विरोध असेल तर तो सभेत बोलून भागत नाही. इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्या आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना ते वाक्य जागेवर आहे का ते स्वतः वाचा.