आठ बटणं एकदम कशी मेली? जुन्या स्पेक्ट्रमच्या कीबोर्डचं निदान

जुन्या होम कॉम्प्युटरचा कीबोर्ड बिघडला की लोक आधी स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागतात. थांबा जरा. एका कागदावर कीबोर्डचं चित्र काढा, एकेक बटण दाबून बघा आणि जे चालत नाही त्यावर फुली मारा, निम्मं निदान तिथेच होतं.

इथे इंदूरला रामबागेत आमच्या काकांकडे झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस आहे. मूळ स्पेक्ट्रम १९८२ चा, रबरी बटणांचा, इंग्लंडच्या क्लाइव्ह सिंक्लेअरच्या कंपनीचा. प्लस १९८४ ला आला, त्याला कडक बटणं, आणि आपल्याकडे तो डेसिबेल्स नावाच्या कंपनीने लायसन्स घेऊन विकला. तर काकांनी तो माळ्यावरून उतरवला, टीव्हीला जोडला, सुरू झाल्यावर दिसणारी कॉपीराइटची ओळ झकास आली, पण ५, टी, जी, व्ही आणि ६, वाय, एच, बी ही आठ बटणं ठार. जेल रोडवर एका दुकानात दाखवलं तर तो म्हणाला, "भिया, पूरा कीबोर्ड गया." काकांना ते पटलंही होतं.

मला नाही पटलं, कारण फुल्या मारल्यावर त्या कीबोर्डच्या बरोब्बर मधोमध आल्या, उभ्या, डावीकडे चार आणि उजवीकडे चार. गंज असा हिशोबाने लागत नाही!

स्पेक्ट्रमला मुळात ४० बटणं. प्रत्येकाला वेगळी वायर द्यायची तर केवढा पसारा होईल, म्हणून त्यांची जाळी करतात, एका बाजूने ८ वायरी आणि दुसऱ्या बाजूने ५, आणि जिथे दोन वायरी एकमेकींवरून जातात तिथे एक बटण. थिएटरच्या तिकिटावर रांग आणि सीट दोन्ही कळली की माणूस सापडतो, तसंच हे. ४० बटणं १३ वायरींत भागली. प्लसवर बटणं ५८ दिसतात खरी, पण जास्तीची बटणं आतून याच ४० पैकी एक-दोन दाबतात, म्हणजे डिलीट दाबलं की कॅप्स शिफ्ट आणि शून्य एकदम दाबल्यासारखं होतं. सेकंदाला ५० वेळा झेड८० प्रोसेसर त्या ८ वायरी एकेक करून शून्य व्होल्टला आणतो आणि ५ पैकी कुठली खाली आली ते बघतो, झालं.

गंमत अशी की बटणांची प्रत्येक ओळ मधून तोडलेली आहे आणि मोजणी दोन्ही कडांकडून आत येते. त्यामुळे १ आणि ० एकाच वायरीवर, आणि ५ आणि ६ एकाच वायरीवर. म्हणजे काकांच्या आठही बटणांची वायर एकच, पाचातली पाचवी!

समजा क्यू ते टी अशी आडवी पाच बटणं गेली असती तर संशय ८ वायरींपैकी एकीवर. या वायरी झेड८० च्या ॲड्रेस लाइनींवरूनच निघतात आणि त्याच लाइनी मेमरीलाही जातात, त्यामुळे लाइनच गेली असती तर कॉम्प्युटर सुरूच झाला नसता. कॉपीराइटची ओळ आली म्हणजे लाइन ठीक, बिघाड तिच्या पुढे, डायोडमध्ये (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) नाहीतर कीबोर्डच्या वायरी बोर्डपर्यंत नेणाऱ्या पट्टीत. (हे डायोड प्रत्येक बटणाला नसून ८ वायरींना एकेक आहेत, म्हणून क्यू, डब्ल्यू आणि ए एकदम दाबलं की न दाबलेला एसही आल्यासारखा वाटतो. तो बिघाड नाही, रिपेअर करायला बसू नका.)

आमच्या केसमध्ये संशयित दोन, पट्टी किंवा यूएलए. यूएलए ही फेरांटीने सिंक्लेअरसाठी बनवलेली खास चिप, त्या ५ वायरी तिच्यातच जातात, आता बनत नाही, त्यामुळे ती निघू नये एवढंच मनात होतं.

तपासायला बेसिकमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहायचा. ८ वायरींना एकेक पोर्ट नंबर, म्हणजे वाचायचा पत्ता असतो, १ ते ५ या बटणांच्या वायरीचा ६३४८६. पण ६ चं बटणच मेलेलं! आठही पोर्ट नंबर बघितले तर प्रत्येकात ५ किंवा ६ आहेच. मग बेरीज केली, अधिकचं चिन्ह के वर असतं आणि के चालू होतं. पुढे तेच परत परत करायला गो टू लागतो, स्पेक्ट्रमवर असा अख्खा शब्द एका बटणावर असतो, हा जी वर, जी मेलेला, तर त्याच्या जागी रन, तोही पहिल्यापासून चालवतो. असं:

१० प्रिंट इन (३१७४३+३१७४३)
२० रन

स्क्रीनवर १९१ लुकलुकायला लागलं. १ दाबलं की १९०, २ ला १८९, ३ ला १८७, ४ ला १८३, म्हणजे प्रत्येक बटण आपापला बिट शून्य करतंय. ५ ला १७५ यायला हवं, १९१ हलेचना. मग केस उघडून काकांना ५ दाबून धरायला सांगितलं आणि मी पट्टी सॉकेटजवळ बोटाने अलगद दाबली, तर १७५ आलं, गेलं, परत आलं. "अरे दिसलं, दिसलं!" काका ओरडले. यूएलए सुटली.

इतकी साधी खूण मिळाली नाही तर अजून एक युक्ती आहे. पॉवर काढून दोन्ही पट्ट्या (५ वायरींची आणि ८ वायरींची) सॉकेटमधून उपसायच्या, मग चालू करून ५ पिनांच्या सॉकेटची एक पिन आणि ८ पिनांच्या सॉकेटची एक पिन वायरच्या तुकड्याने क्षणभर जोडायची. स्क्रीनवर काही उमटलं तर त्या दोन वायरींपुरता बोर्ड चांगला, दोष कीबोर्डकडे.

कीबोर्डच्या आत पॉलिएस्टरची पातळ शीट असतात, त्यावर वीज वाहणाऱ्या शाईच्या रेघा छापलेल्या, आणि त्याच शीटची शेपटी म्हणजे ही पट्टी. वर्षानुवर्षं ती एकाच जागी दुमडलेली, शेजारी ९ व्होल्टचे ५ करणारा रेग्युलेटर उरलेली वीज उष्णता म्हणून बाहेर टाकतोय, त्यात आपला माळा मे महिन्यात किती तापतो ते सांगायला नको. प्लास्टिक कडक होतं आणि वाकलं की रेघ तडकते. तिथे सोल्डरिंग करायला जाऊ नका, पॉलिएस्टर वितळतं. सिल्व्हर पेनने रेघ जोडता येते पण वाकली की पुन्हा तुटते.

आम्ही तडकलेलं टोक कात्रीने काही मिलिमीटर सरळ कापलं आणि पट्टी परत सरळ आत सारली. आठही बटणं चालू. पण पट्टी आखूड झालीये, पुढच्या वेळी कापायला फारसं उरणार नाही, म्हणून नवी मेम्ब्रेन, म्हणजे आतली ती रेघा छापलेली शीट, मागवणार आहोत. त्या आजही बनतात, फक्त रबरी बटणांची वेगळी आणि प्लसची वेगळी, ऑर्डर देताना बघून घ्या. आणि अ‍ॅडॉप्टर दुसरा लावत असाल तर आधी मीटर लावा, स्पेक्ट्रमच्या पिनेचा मधला भाग निगेटिव्ह असतो, हल्लीच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरच्या उलट.