ज्ञानाचा अव्हेर (हिब्रू धर्मग्रंथातील संकल्पना)

ज्ञानाचा अव्हेर ही हिब्रू धर्मग्रंथातील, विशेषतः ‘नीतिसूत्रे’ (हिब्रू नाव ‘मिश्ले’) या ३१ अध्यायांच्या ग्रंथातील एक मध्यवर्ती कल्पना आहे. शहाणपणाची हाक कानावर येऊनही तिच्याकडे पाठ फिरवणाऱ्या माणसाचे, राजाचे किंवा लोकसमूहाचे पुढे काय होते, याचा विचार तीत आहे. न कळणे हा येथे मुख्य दोष नाही. सांगितलेले झिडकारणे हा आहे.

मूळ हिब्रू शब्द ‘होखमा’. निर्गम ग्रंथात निवासमंडपाचे, म्हणजे देवाच्या उपासनेसाठी उभारलेल्या तंबूचे, काम करणाऱ्या बसालेल या कारागिराच्या हातातील कसबालाही हाच शब्द वापरला आहे, आणि वादळात खलाशांची जी मती गुंग होते तिलाही स्तोत्रकार हेच नाव देतो. म्हणजे ‘होखमा’ ही पोथीतली विद्या नसून जगण्याचे कसब आहे. मराठी बायबलमध्ये तिच्यासाठी ‘ज्ञान’ हा शब्द रूढ झाला. मात्र ‘होखमा’ स्त्रीलिंगी आणि ‘ज्ञान’ नपुंसकलिंगी असल्यामुळे मराठी वाचकाला एक गोष्ट सहज जाणवत नाही: मूळ संहितेत रस्त्यावर उभी राहून हाका मारणारी ती एक स्त्री आहे.

हे चित्र पहिल्या अध्यायाच्या उत्तरार्धात (१:२०–३३) येते. ज्ञान देवळात किंवा राजवाड्यात बसून बोलत नाही. गजबजलेल्या चव्हाट्यावर आणि नगराच्या वेशीपाशी, जेथे व्यवहार होत, पंच बसत आणि निवाडे होत, तेथे ती आवाज चढवून बोलते. तिचा रोख तिघांवर आहे: भोळसटपणातच रमलेले ‘पेतायिम’, टवाळी करण्यात सुख मानणारे ‘लेत्सिम’ आणि समजुतीचाच तिटकारा असलेले ‘केसिलिम’. तिने हाक मारली, त्यांनी नाकारली. तिने हात पुढे केला, कोणी लक्ष दिले नाही. मग वादळासारखे संकट कोसळते, तेव्हा पारडे फिरते. आता तेच लोक हाका मारतात आणि ती उत्तर देत नाही. आटापिटा करून तिला शोधतात आणि ती सापडत नाही. त्यांच्या आपत्तीला ती हसते, असेही ग्रंथकार लिहितो. हे वाक्य कठोर आहे, आणि ते सौम्य करून वाचण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण अव्हेराचा सर्वांत भयंकर परिणाम म्हणून या कवितेने निवडले आहे ते हाकेचे बंद होणे. ऐकण्याचीही एक वेळ असते आणि ती टळते, हे येथे सांगायचे आहे.

तरीही ही शिक्षा बाहेरून लादलेली नाही. ज्यांनी ज्ञानाची मसलत (‘एत्सा’) धुडकावली, ते आपल्याच मसलतींनी (‘मोएत्सोत’) पोट भरतील आणि आपल्या चालीचे फळ खातील, असे १:३१ मध्ये म्हटले आहे. दोन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले असल्याने हिब्रू ऐकणाऱ्याच्या कानाला ही टोचणी लगेच जाणवते. पुढच्याच ओळीत घात करणाऱ्या दोन गोष्टी सांगितल्या आहेत: भोळ्यांचे भरकटणे आणि मूर्खांची ‘शल्वा’, म्हणजे ‘आपले काय बिघडणार आहे’ अशी निवांत बेफिकिरी. कृती आणि तिचा परिणाम यांचे असे अंगभूत नाते हिब्रू विचारात आहे, हे मत क्लाउस कोख या जर्मन अभ्यासकाने १९५५ मध्ये ठामपणे मांडले. मराठी वाचकाला ‘पेरावे तसे उगवते’ ही म्हण येथे आठवेल, आणि नीतिसूत्रांतही अन्याय पेरून अरिष्ट कापण्याची उपमा आहे. पण पुनर्जन्माची कल्पना येथे नाही. जे व्हायचे ते याच आयुष्यात, याच घरात आणि याच लोकांत होते.

हा परिणाम किती सावकाश होतो, ते २४:३०–३४ मध्ये दिसते. निवेदक एका आळशाच्या मळ्याजवळून जातो. सगळीकडे काटेकुटे माजले आहेत, जमीन खाजकुइलीसारख्या झुडपांनी झाकली आहे आणि दगडी गडगा ढासळला आहे. कोणी शत्रू आला नव्हता. थोडी झोप, थोडी डुलकी, हात उराशी घेऊन थोडे पडणे, एवढेच झाले होते. नवव्या अध्यायात हीच गोष्ट मृत्यूपर्यंत नेली आहे. ज्ञान आणि मूर्खता या दोघी भोळ्या वाटसरूला एकाच शब्दांत घरी बोलावतात. चोरीचे पाणी गोड लागते, असे मूर्खता सांगते. पण तिचे पाहुणे शेओलच्या, म्हणजे मृतलोकाच्या, खोल तळाशी आहेत, हे आत शिरणाऱ्याला ठाऊक नसते.

इतिहासकथनात याचे ठळक उदाहरण रहबामाचे आहे (१ राजे १२). ज्ञानासाठी ख्यात असलेल्या इस्राएलच्या शलमोन राजाचा हा मुलगा शखेम येथे राज्याभिषेकासाठी गेला, तेव्हा लोकांनी वेठीचे ओझे हलके करण्याची विनंती केली. त्याने तीन दिवसांची मुदत घेतली. ‘आज या लोकांचा सेवक हो, गोड बोल, म्हणजे ते कायमचे तुझे होतील,’ असा सल्ला वडीलधाऱ्यांनी दिला. तो टाकून त्याने बरोबरीच्या तरुणांचे ऐकले आणि ‘बापाने चाबकांनी मारले, मी विंचवांनी मारीन’ असे उत्तर दिले. उत्तरेकडील वंश, म्हणजे इस्राएली कुळे, राज्यातून फुटले, वेठीवरचा अधिकारी अदोराम दगडांनी ठार झाला आणि राजाने रथात चढून यरुशलेम गाठले. हे सर्व परमेश्वराकडून घडले, असेही कथाकार नोंदवतो. राजाचा हट्ट आणि देवाची योजना यांतील ताण तो सोडवत बसत नाही. संदेष्ट्यांनी हाच विचार राष्ट्राला लावला: होशेयाने ज्ञान नाकारणाऱ्या याजकांना धारेवर धरले, तर जखऱ्याने ‘मी हाक मारली, त्यांनी ऐकले नाही, म्हणून त्यांनी हाक मारली आणि मी ऐकले नाही’ हा न्याय पूर्वजांच्या पांगापांगीला लावून दाखवला.

या नियमाचा उलट वापर मात्र याच ग्रंथसंग्रहाने अमान्य केला आहे. ज्याच्यावर दुःख आले त्याने शहाणपण झिडकारलेच असणार, असे निर्दोष असूनही आपत्ती कोसळलेल्या ईयोबाचे मित्र धरून चालतात आणि शेवटी देवच त्यांना चुकीचे ठरवतो. ‘उपदेशक’ या ग्रंथाच्या निवेदकाला तर शहाणा आणि मूर्ख दोघेही सारखेच मरताना दिसतात. त्याने सांगितलेल्या एका लहान नगरीला वेढा पडतो, एक गरीब शहाणा माणूस आपल्या अकलेने तिला वाचवतो, आणि नंतर त्याची आठवण कोणीही ठेवत नाही.

हिब्रू संग्रहाबाहेरच्या यहुदी लेखनात ही कल्पना आणखी पुढे गेली. बारूखच्या ग्रंथात इस्राएलाच्या परदेशवासाचे कारण ‘ज्ञानाचा झरा सोडला’ असे दिले आहे. हनोखच्या पहिल्या ग्रंथाच्या ४२व्या अध्यायात ज्ञान माणसांत राहायला येते, तिला कोठेही जागा मिळत नाही, आणि ती स्वर्गात परत जाऊन देवदूतांमध्ये आपले आसन घेते.