कोळशाच्या गाडीचं नातवंड : रोलर कोस्टर आणि नागपूर

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की भाचेमंडळी आमच्याकडे नागपूरला येतात आणि दुसऱ्याच दिवशी विषय निघतो, “मामा, यंदा खोपोली का हैदराबाद?” दोन्हीकडे त्यांना हवं असतं ते एकच, रोलर कोस्टर. धाकट्याची उंची मोठ्या गाडीच्या अटीत अजून बसत नाही. तरी त्यानं एका वहीत आजवर बसलेल्या सगळ्या ‘झुल्यां’ची यादी ठेवली आहे. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, कोलंबस, टोरा-टोरा, ड्रॅगन. लाल पेनानं लिहिलेली ओळ फक्त एक, लहान मुलांच्या रोलर कोस्टरची.

त्याच्या वहीतला ‘झुले’ हा शब्द मला खटकतो. आपल्याकडे यंत्रात बसून हलायचं म्हणजे झुलाच, मग ते गोल फिरो, लोंबकळो नाहीतर घसरो. पण रोलर कोस्टर झुल्याच्या कुळातलं नाही. ती रेल्वे आहे, आणि तीसुद्धा कोळशाच्या खाणीवरची. वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीचं मुख्यालय, रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात ते डायमंड क्रॉसिंग, २०१५ पर्यंत छिंदवाड्याकडे आणि २०१९ पर्यंत नागभीडकडे धावणारी नॅरोगेजची, म्हणजे अरुंद रुळांवरची गाडी, एवढं सगळं ज्या शहराजवळ आहे त्याला हे नातं माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून ही सगळी पार्श्वभूमी.

झुल्याचं कूळ आधी सांगून टाकतो. रहाटपाळणा या शब्दातच त्याचा जन्म आहे. विहिरीवर पाणी उपसणारा रहाट, त्याला पोहऱ्यांऐवजी पाळणे लावले की झाला रहाटपाळणा. माणसांनी हातानं फिरवायची अशी लाकडी चाकं युरोपातल्या प्रवाशांनी सतराव्या शतकात तुर्की मुलखातल्या सणांत पाहून लिहून ठेवली आहेत. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्यानं तेच चाक पोलादात, जवळपास ८० मीटर उंच उभं केलं. नागपूरलाही प्रदर्शनांची हौस जुनीच. १८६५ च्या डिसेंबरात इथे मध्य प्रांताचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, आणि शहरात रेल्वे आली ती त्यानंतर, १८६७ मध्ये. रामटेकची कार्तिकातली जत्रा, ताजबागचा उर्स, कोराडीची नवरात्र, कस्तूरचंद पार्कवरची प्रदर्शनं, इथेच आमच्या पिढीनं पहिल्यांदा उंचावरून खाली पाहिलं. पाळणा वर जाऊन थांबला की पोटात जो गोळा येई आणि बाजूचा कोणी “काहून भेतं बे?” म्हणत स्वतःच दांडा घट्ट धरी, ती सगळी आठवण झुल्याची. तिथे माणूस एका जागी फिरतो. कुठून निघून कुठे पोचत नाही.

रोलर कोस्टरचा उगम थेट घसरगुंडीत आहे. रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात हिवाळ्यात लाकडी उंच मनोरे उभारायचे, त्यांच्या उतारावर पाणी ओतून बर्फ जमवायचा आणि वरून घसरत यायचं. सतराव्या-अठराव्या शतकातली ही करमणूक सम्राज्ञी कॅथरीनलाही आवडे. तिच्यासाठी ओरानियेनबाउमला उन्हाळ्यातही घसरता येईल अशी टेकडी आणि तिच्या शेजारी देखणा महाल बांधला होता. तो महाल आजही उभा आहे. पुढे ही कल्पना फ्रान्सला गेली आणि १८१७ मध्ये पॅरिसला अशा दोन टेकड्या सुरू झाल्या. तिथे बर्फ नव्हता म्हणून गाडीला चाकं आली, आणि चाकं घसरू नयेत म्हणून ती रुळाच्या खाचेत अडकवली गेली. फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियन या भाषांत रोलर कोस्टरला आजही ‘रशियन डोंगर’ म्हणतात. रशियन लोक मात्र त्याला ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात! दोघांनीही श्रेय दुसऱ्याला दिलं आहे.

कोळसा येतो तो यानंतर. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये मॉच चंक नावाचं गाव होतं. डोंगरावरच्या खाणीतला कोळसा खाली लेहाय नदीपर्यंत नेण्यासाठी १८२७ मध्ये सुमारे १४ किलोमीटरचा रूळमार्ग घातला गेला. इंजिन नव्हतं. भरलेल्या गाड्या उतारावरून आपल्याच वजनानं खाली येत, ब्रेकवर एक माणूस बसे. रिकाम्या गाड्या वर ओढायला खेचरं लागत, म्हणून खाली येताना खेचरांनाही एका डब्यात बसवून आणत. असं सांगतात की एकदा या सवारीची चटक लागल्यावर ती खेचरं पायी उतरायला तयारच होईनात. मला या इतिहासातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच. उतारावर भरधाव यायची मजा आधी खेचरांना कळली, माणसं पैसे देऊन बसायला लागली ती नंतर. १८७२ नंतर कोळसा दुसऱ्या मार्गानं जाऊ लागला आणि हा जुना मार्ग निव्वळ पर्यटकांसाठी उरला. तो १९३३ पर्यंत चालला.

मॉच चंकमुळे रुळावर घसरायला लोक पैसे देतात हे सिद्ध झालं होतंच. लामार्कस थॉम्पसन या ओहायोच्या माणसानं १८८४ मध्ये न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केली. तिकीट ५ सेंट, वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर. सायकलवरचा पोट्टाही यापेक्षा जोरात जाईल. लोक जिना चढून मनोऱ्यावर जात, बाकावर आडवे बसत, दुसऱ्या टोकाला उतरत. मग नोकर गाडी ढकलून वर चढवत आणि परतीची फेरी होई. तरी रांगा लागल्या. थॉम्पसन रविवारच्या शाळेत शिकवणारा धार्मिक गृहस्थ होता आणि तरुणांना दारूच्या गुत्त्यांपासून दूर नेईल अशी करमणूक त्याला हवी होती. नावातला ‘रेल्वे’ हा शब्दही त्यानं उगाच ठेवलेला नव्हता.

पुढची काही वर्षं कारागिरीच्या मानानं धाडस फार होतं. १८९५ मध्ये कोनी आयलंडच्याच सी लायन पार्कमध्ये, म्हणजे कुंपण घालून फाटकावर प्रवेश तिकीट घेणाऱ्या पहिल्या पार्कांपैकी एकात, ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची उलटी फेरी आली. तिचा वळसा अगदी गोल होता, आणि चूक तिथेच होती. सरळ रुळावरून गाडी एकदम गोलात शिरली की बसणाऱ्याच्या मानेवर जबर झटका बसे. लोक मान चोळत उतरत. ती काही वर्षांतच बंद पडली. लंबगोल वळशाचा प्रयोग १९०१ मध्ये झाला, पण उलट्या फेरीचं कोडं खऱ्या अर्थानं सुटायला १९७६ उजाडलं. जर्मनीच्या अँटोन श्वार्झकोफ यांनी कॅलिफोर्नियात ‘रेव्होल्यूशन’ उभारलं, तेव्हा वेर्नर श्टेंगल या अभियंत्यानं पाण्याच्या थेंबासारखा वळसा आखला. तळाशी ऐसपैस, वर आवळलेला. यात रेल्वेचीच जुनी अक्कल आहे. गाडी वळणावर घ्यायची तर रूळ एकदम वाकवत नाहीत, थोडा थोडा वाकवत नेतात. रुळाचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. श्टेंगल यांनी ते वळण उभं केलं.

पण माझ्या मते या साऱ्या इतिहासात सगळ्यात मोठं नाव जॉन मिलर यांचं आहे. त्यांच्या नावावर शंभराहून जास्त पेटंटं होती. चढावर साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून दात्यांवर अडकणारा खटका त्यांनी वापरात आणला. चढताना ऐकू येतो तो ‘कट्-कट्-कट्’ आवाज त्या खटक्याचा. मुलांना तो आवाज भीतीचा वाटतो. मी त्यांना सांगतो, हा आवाज येतोय तोवर गाडी मागे जात नाही. मिलर यांची दुसरी युक्ती १९१९ ची. गाडीला वरून चालणारं चाक होतंच, बाजूनं टेकणारंही होतं. त्यांनी रुळाच्या खालच्या अंगाला टेकणारं तिसरं चाक दिलं. आता गाडी रुळाला वरून, बाजूनं आणि खालून धरून ठेवू लागली, रूळ सोडून उचलली जाण्याचा प्रश्नच संपला. टेकडीच्या माथ्यावर शरीर सीटवरून अधांतरी उचललं जातं, कोस्टरवेडे ज्याला ‘एअरटाइम’ म्हणतात, ते सुख या खालच्या चाकामुळे शक्य झालं. माणूस उडतो, गाडी उडत नाही.

या जोरावर १९२० च्या दशकात अमेरिकेत लाकडी कोस्टरांचं पीक आलं. कोनी आयलंडचं ‘सायक्लोन’ १९२७ चं. मग महामंदी आणि युद्ध आलं, आणि कित्येक मोडीत निघाली. १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं आणि १९५९ मध्ये तिथे ‘मॅटरहॉर्न’ या कोस्टरला पोलादी नळीचे रूळ लागले. नळी हवी तशी वाकवता येते, म्हणून पुढची सगळी वळणं शक्य झाली. कोस्टरवेड्यांची चळवळ त्यानंतरची. सत्तरच्या दशकात सायक्लोन पाडायचा बेत होता. लोकांनी ते वाचवण्यासाठी मोहीम केली, १९७५ मध्ये ते पुन्हा सुरू झालं आणि आजही चालतं. १९७८ मध्ये ‘अमेरिकन कोस्टर एन्थुझियास्ट्स’ ही संस्था निघाली. किती कोस्टरांवर बसलो याचा हिशेब ठेवायची रीत या मंडळींची. प्रत्येक नव्या कोस्टरला ते ‘क्रेडिट’ म्हणतात. माझ्या भाच्याला हे ठाऊक नव्हतं, त्यानं आपली वही आपल्या मनानंच सुरू केली.

भारतात हे सगळं फार उशिरा आलं. १९८२ च्या आशियाई खेळांचा शुभंकर अप्पू हत्ती. त्याच्या नावानं १९ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत प्रगती मैदानाजवळ ‘अप्पू घर’ सुरू झालं. देशातलं हे पहिलं अम्युझमेंट पार्क २००८ मध्ये बंद झालं. मुंबईच्या गोराईत १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड आलं आणि टीव्हीवरच्या जाहिरातीनं ते नाव विदर्भातल्या घराघरांत पोचलं. नागपूरहून मुंबईला नातलगांकडे जाऊन आलेल्या मुलाला शाळेत पहिला प्रश्न हाच असे, “एस्सेल वर्ल्डला गेलता का?” कोलकात्याचं निक्को पार्क १९९१ चं.

नागपुरात मात्र पार्क आलं ते पाण्याच्या वाटेनं. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे तापलेल्या लोखंडी सीटवर बसायला दुपारी कोण येईल? त्यामुळे अंबाझरीजवळचं क्रेझी कॅसल असो की अमरावती रोडवर बाजारगावचं फन अँड फूड व्हिलेज, नागपूरकरांच्या तोंडी ती ‘वॉटर पार्क’च. क्रेझी कॅसल आता राहिलं नाही. शाळेच्या सहलींत आम्ही तिथे भिजलो, डबे खाल्ले, आणि एका पिढीची ती जागा गेली याचं मला वाईट वाटतं. सेमिनरी हिल्सवरच्या बालोद्यानातली ‘वनबाला’ ही छोटी गाडी हीच आमची खरी पहिली रेल्वे-सवारी. झाडांमधून ती संथ चाले, पण रुळावर बसून निव्वळ मौजेसाठी फिरायचं ही गोष्ट नागपूरच्या मुलांना तिनं शिकवली.

मोठ्या कोस्टरसाठी नागपूरकराला आधीपासून प्रवासच करावा लागला आहे. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं. तिथलं ‘नायट्रो’ सुमारे ४० मीटर उंच आहे, पाच वेळा उलटं करतं, आणि पायाखाली फळीच नसते. स्वित्झर्लंडच्या बॉलिगर अँड माबियार या कंपनीचं हे काम. २०१६ मध्ये हैदराबादला वंडरला आलं. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत आणि जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला, आणि सप्टेंबर २०२४ पासून सिकंदराबादला वंदे भारत सुटते. घरातली चर्चा ‘खोपोली का हैदराबाद’ अशी होते ती या दोन वाटांमुळे.

एक गोष्ट मात्र भीतीच्या थराराबाहेरची. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादला कांकरियात लोलकासारखा हलणारा झुला तुटून दोन जीव गेले. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत एका पार्कात कोस्टरवरून पडून एक तरुणी गेली. अशा यंत्रांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५४७५ हे सुरक्षेचं मानक आहे. ते पाळलं जातंय का, हे तिकीट काढण्याआधी विचारायचा हक्क आपला आहे. मी दरवेळी छातीवरची दांडी, तिचा पट्टा आणि शेवटचा ब्रेक पाहतो. गाड्या एकाहून जास्त असतील तर रुळाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी सोडतात. रेल्वेच्या ब्लॉक सिग्नलचा हाच नियम. नागपूर स्टेशनच्या आउटरवर सिग्नलसाठी ताटकळलेल्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

यंदा बेत ठरायच्या आधी भाच्यांना मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात नेलं. २००२ साली उघडलेलं हे संग्रहालय कडबी चौकाजवळच आहे. मोठी मुलं इंजिनापाशी फोटो काढत होती. धाकटा एका जुन्या डब्याखाली वाकून चाकं पाहत बसला.

“मामा, याला खालचं चाक नाही.”

“नाही. ही गाडी कधी उड्या मारत नव्हती.”

त्यानं वही काढली. यादीच्या खाली रेघ मारली आणि नवं पान सुरू केलं. वर मथळा लिहिला, ‘रुळावरच्या’. पहिल्या क्रमांकावर नॅरोगेज, दुसऱ्यावर त्याचं लाल पेनाचं कोस्टर. तिसऱ्या क्रमांकापुढची जागा त्यानं मोकळी ठेवली आणि मला विचारलं, “हैदराबादच्या गाडीसाठी किती उंची लागते?”