पंख काही विमानांचे वर, काहींचे खाली: यामागची जुनी भानगड

संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या पोराला हे न शिकताच माहीत असतं. मांजा ताणला की आडवी कामटी वाऱ्याने मागे वाकते आणि पतंग सरळ धावतो, ढील दिली की तो सपाट होऊन गरगरायला लागतो. विमानाच्या लॅटरल स्टॅबिलिटीचं, म्हणजे एका बाजूला न कलता सरळ राहण्याचं, अर्धं गणित इथेच आलं.

इंग्लंडच्या जॉर्ज केलीने 1809-10 मध्येच लिहून ठेवलं होतं की पंख टोकांकडे थोडे वर उचललेले असले तर विमान स्वतःहून सरळ राहायला बघतं. यालाच डायहेड्रल म्हणतात. 1871 मध्ये पॅरिसमध्ये पेनो नावाच्या फ्रेंच संशोधकाने रबराच्या पिळावर चालणारं छोटं मॉडेल उडवलं, पंखांची टोकं वर वळवलेली, आणि ते कोणी न चालवता 11 सेकंदात 40 मीटर गेलं. (विमान कललं की खाली गेलेल्या पंखाची जमिनीवर पडणारी सावली मोठी होते म्हणून त्याची लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, वाढते असं अजूनही बरेच जण सांगतात, ते सोडून द्या. विमान कललं की त्या बाजूला घसरतं, मग समोरून येणारी हवा थोडी आडवीही लागते आणि खालच्या पंखाचा अँगल ऑफ अटॅक (हवेशी होणारा कोन) वाढतो, म्हणून तो वर उचलला जातो.)

आणि मग राईट बंधूंनी नेमकं उलटं केलं! 1903 च्या फ्लायरची पंखांची टोकं मधल्या भागापेक्षा साधारण 25 सेंटीमीटर खाली होती, मुद्दाम, कारण अमेरिकेतल्या किटी हॉकच्या वाळूवर जमिनीलगत उडताना बाजूचा झोत आला की डायहेड्रलवालं ग्लायडर एका अंगाला उचललं जायचं. विमान स्थिर ठेवायचं ते पायलटने, असं त्यांचं म्हणणं. मला तरी हा हट्ट पटतो.

ब्रिटिशांनी दुसरं टोक गाठलं. त्यांचं बीई-2सी हे पहिल्या महायुद्धातलं विमान आपोआप स्थिर राहायचं, पाहणीसाठी झकास, पण 1915 मध्ये जर्मनांचं फोकर हे लढाऊ विमान मागे लागलं तेव्हा ते चटकन वळेचना आणि पटापट पडायला लागलं.

जेट आल्यावर हिशोबच बदलला. पंख मागे झुकवलेले असले की डायहेड्रलसारखा परिणाम फुकटात मिळतो, पंख वरती बसवला तरी मिळतो कारण आडवी हवा फ्युजलाजला, म्हणजे विमानाच्या धडाला, आपटून पंखाच्या मुळाशी वर वळते, आणि उंच फिन, म्हणजे शेपटीवरचं उभं पातं, तीही त्यात भर घालते. सगळं मिळून जास्त झालं की विमान डच रोल करत शेपूट हलवत डुलत जातं, अमेरिकेच्या बी-47 बॉम्बरला त्यासाठी यॉ डॅम्पर, म्हणजे हे डुलणं आपोआप थोपवणारं यंत्र, बसवावं लागलं. म्हणून मग पंख खाली वाकवायचे, म्हणजे अ‍ॅनहेड्रल. अमेरिकेच्या एफ-104 या लढाऊ विमानाला तब्बल 10 अंश, कारण त्याची शेपटी उंच टी आकाराची. ब्रिटिशांचं लढाऊ हॅरियर आणि रशियाचं मालवाहू आयएल-76, यांचे पंखही असेच खाली उतरलेले. आपल्या नाशिकजवळ ओझरला बनलेल्या मिग-21 चे पंखसुद्धा 2 अंश खाली, समोरून नीट बघितल्याशिवाय कळत नाही.

सगळ्यात मजेशीर केस अमेरिकेच्या फँटम या लढाऊ विमानाची. विंड टनेलमध्ये कळलं की पंख सरासरी 5 अंश वर हवेत, पण मधला टायटॅनियमचा भाग नव्याने करणं परवडेना, म्हणून फक्त बाहेरचे तुकडे 12 अंश वर वळवले. त्याच्या पंखांचा तो विचित्र बाक तिथूनच आलाय.