पाटी लागण्याआधीचं वळण

‘अपघातप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश चालवा’ ही पाटी दिसली की माझ्या पोटात कालवतं. केंद्र सरकारच्या निकषानुसार साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात झाले, किंवा 10 माणसं दगावली, की ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. म्हणजे आधी माणसं जायची, मग पाटी यायची.

रस्ता कागदावर असतानाच धोका ओळखता येतो. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाचं ‘आयएचएसडीएम’ हे सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. वळणं, चढउतार, रुंदी, वर्दळ असा तपशील भरला की वर्षाला किती अपघात संभवतात याचा अंदाज ते देतं. मला मात्र त्यातली वेगाची तपासणी जास्त मोलाची वाटते. आपल्याकडे माळावरून सरळसोट आलेला रस्ता बालाघाटाच्या डोंगरात शिरताना एकदम वळतो. ते वळण एकटं पाहिलं तर नियमात बसतंही. पण सरळ रस्त्यावर चालकाचा वेग आधीच वाढलेला असतो. सॉफ्टवेअर पाटीवरचा वेग धरत नाही, चालक तिथे प्रत्यक्षात किती वेगाने येतील ते काढतं. दुपदरी रस्त्यावर सरळ पट्टा आणि वळण यांच्या वेगात ताशी 20 किलोमीटरपेक्षा जास्त फरक आला, की ते वळण लाल यादीत जातं.

आता गळीत हंगामातली संध्याकाळ घ्या. फडातून निघालेली उसाची ट्रॉली, मागे रिफ्लेक्टर नाही, वाढं दोन्ही बाजूंना लोंबतंय. मागून ताशी 80 च्या वेगाने जीप येतेय. समोरचं ध्यानात येऊन ब्रेक दाबेपर्यंत 2.5 सेकंद धरतात. तेवढ्यात जीप 55 मीटर पुढे गेलेली असते. थांबायला आणखी सत्तर-एक मीटर लागतात. डीपरच्या उजेडात सव्वाशे मीटर लांबचं दिसत नाही.

अमेरिकेच्या रस्त्यांवरून बांधलेल्या समीकरणांत ही ट्रॉली नाही. त्यामुळे तिथलं गणित इथे जसंच्या तसं लावून भागत नाही, ते इथल्या अपघातांच्या नोंदींशी जुळवून घ्यावं लागतं. पंचनाम्यात नुसतं ‘गावाजवळ’ लिहिलं, तर ती जागा नकाशावर सापडत नाही. आता केंद्राच्या ‘आयरॅड’ प्रणालीत पोलीस मोबाइलवरून अपघाताची नेमकी जागा नोंदवू शकतात. त्या नोंदीत ट्रॉली उभी होती की चालती, रिफ्लेक्टर होता की नव्हता, हेही नीट भरलं गेलं पाहिजे.