एकी की बेकी? सम-विषम संख्यांची पार्श्वभूमी

मे महिन्यात कोकणात खळ्याखळ्यांत काजूच्या बिया वाळत पडलेल्या असतात. त्यातल्या मूठभर उचलायच्या, बंद मूठ समोर धरायची आणि विचारायचं, ‘एकी की बेकी?’ उत्तर आलं की मूठ उघडून बिया दोन-दोन करून बाजूला सारायच्या. शेवटी एक उरली तर एकी, काहीच उरलं नाही तर बेकी. ज्याने बरोबर ओळखलं, त्याच्या बिया.

यातला ‘बे’ म्हणजे ‘बे एके बे, बे दुणे चार’मधलाच. शाळेत मात्र मुलं पाठ करतात की एकक स्थानी ०, २, ४, ६, ८ असेल तर संख्या सम. ही ओळखायची खूण झाली, अर्थ नव्हे. खूण चालते, कारण प्रत्येक दहाच्या पाच जोड्या लागतात, म्हणजे दशक-शतकांत सुटं काही राहतच नाही. प्रश्न उरतो तो फक्त एककाचा. मुलाच्या हाती आधी बिया द्याव्यात आणि खूण मागाहून सांगावी, असं मला मनापासून वाटतं. दोन विषम मिळून सम का होतात, हे बियांत आपोआप दिसतं: इकडची उरलेली एक आणि तिकडची उरलेली एक यांची जोडी लागते.

खेळ फार जुना आहे. प्लेटोच्या ‘लायसिस’ या संवादात ग्रीक मुलं हाडांच्या सोंगट्या घेऊन एकी-बेकीच खेळताना दिसतात. पुढे इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास ग्रीक गणिती युक्लिडने आपल्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या नवव्या भागात सम-विषमांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम सिद्ध करून ठेवले.

आपल्याकडे विषमाचा मान मोठा. दूर्वा एकवीस, गणपती पाच, सात नाहीतर अकरा दिवसांचा. त्याहून जुनी साक्ष रुद्राभिषेकात कानावर पडते. यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेतल्या चमक या स्तोत्राचा अकरावा अनुवाक, म्हणजे भाग, सुरू होतो: ‘एका च मे तिस्रश्च मे पञ्च च मे सप्त च मे’. एक, तीन, पाच, सात असं करत ३३ पर्यंत एकही विषम संख्या गळत नाही. मग ‘चतस्रश्च मेऽष्टौ च मे’ म्हणत चारचा पाढा ४८ पर्यंत जातो. चमकात बेरीज नाही, नुसता क्रम आहे. बेरीज आपण बियांनी करून पाहावी. एक बी ठेवा. तिच्या दोन बाजूंना आणि कोपऱ्यात मिळून तीन लावा, चारचा चौकोन झाला. त्याला तसाच पाचाचा काटकोन जोडा, नऊचा झाला. दर वेळी पुढची विषम संख्या लावली की चौकोन एका ओळीने वाढतो. १ ते ३३ मध्ये विषम संख्या सतरा, म्हणून त्यांची बेरीज १७ × १७, म्हणजे २८९.

सम-विषमाला खरं कामाला लावलं ते पिंगल या प्राचीन पंडिताने, छंदःशास्त्र या कवितेच्या छंदांवरच्या ग्रंथात. प्रत्येक अक्षर एकतर लघु (ऱ्हस्व) नाहीतर गुरू (दीर्घ), तर सहा अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंच्या रचना किती? दोनला सहा वेळा गुणत बसायचं नाही. संख्या सम असेल तर अर्धी करायची, विषम असेल तर एक कमी करायचा: ६, ३, २, १, ०. मग १ घेऊन उलट यायचं. जिथे एक कमी केला तिथे दुप्पट, जिथे अर्धं केलं तिथे वर्ग: २, ४, ८, ६४. मोठे घात काढताना आजचे संगणकही याच तत्त्वावर चालतात.

आणि मग आपल्या किनाऱ्यावरचा माणूस. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूत जन्मले आणि देवळालीत शाळामास्तर म्हणून राहिले. ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ६१७४ या संख्येमुळे त्यांचं नाव जगभर झालं, पण मला त्यांच्या ‘स्वयंभू’ संख्या अधिक जवळच्या वाटतात. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा: २३ पासून २३ + २ + ३ = २८. म्हणजे २८ चा जनक २३. जिला असा जनकच नाही, ती स्वयंभू. गणपतीपुळ्याचा गणपती स्वयंभू म्हणतात, तोच हा शब्द.

पहिल्या स्वयंभू संख्या १, ३, ५, ७, ९. कारण साधं आहे: एकअंकी संख्येत तीच मिळवली की दुप्पट होते, म्हणून ० ते ९ पासून १८ पर्यंतच्या समच निघतात. १० ते १९ घेतल्या तर ११ ते २९ पर्यंतच्या विषम मिळतात. २० ते २९ पासून पुन्हा सम, पण त्या २२ पासून ४० पर्यंत. आधीच्या सम १८ ला थांबल्या, पुढच्या २२ ला सुरू झाल्या. मधली २० कुणाच्याच वाट्याला आली नाही, म्हणून ती स्वयंभू. ३० ते ३९ च्या विषम ३३ पासून, आधीच्या २९ ला संपल्या, म्हणून ३१. तसंच पुढे ४२, ५३, ६४.